हिरा, हिरडा आणि गारगोटी

मराठी माणसाने हिरा डोळ्यांनी पाहिला कमी आणि तोंडाने वापरला फार. जावई मिळाला की हिरा मिळाला, हेडमास्तर म्हणजे हिरा, भजनी मंडळातला पखवाजी हिरा, आणि कुणी गेले की शोकसभेत समाजाचा एक हिरा हरपतो. इतके हिरे दर आठवड्याला मिळत आणि हरपत असताना घरातल्या कपाटाचा चोरकप्पा उघडून पाहावा, तर आत दोन पुतळ्या, नथीतून निखळलेला एक मोती आणि विजेच्या मीटरच्या अनामत रकमेची पिवळी पडलेली पावती. हिरा नाही तो नाहीच.

असा हा तोंडातला हिरा बोटात कसा आणि केव्हा येऊन बसला, याचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा होता. पण आमचे इतिहासकार अजून पानिपतावरून परत आलेले नाहीत. तेव्हा त्यांची वाट न पाहता हे काम मीच अंगावर घेत आहे.

हा इतिहास मी मढपासून सुरू करतो. मुंबईकर वाचकांनी लगेच वर्सोव्याची फेरीबोट पकडू नये. ते मढ वेगळे. हे मढ जुन्नर तालुक्यातले. ओतूरहून माळशेज घाटाकडे निघालात की लागते. एका अंगाला पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी, पुढे खिरेश्वर, आणि माथ्यावर हरिश्चंद्रगड. पावसाळ्यात धबधबे पाहायला मोटारी भरभरून लोक जातात, ते या रस्त्याने जातात आणि मढ कधी आले नि कधी गेले हे त्यांना कळत नाही. नाव मढ असले तरी गावाला कुणी सोन्याने मढवलेले नाही. या डोंगरपट्ट्यात हिरा पिकत नाही, हिरडा पिकतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम अंगाची आदिवासी कुटुंबे बाळहिरडा झोडतात, वाळवतात आणि विकतात. त्यावर घरचा वरखर्च चालतो. हिरा आणि हिरडा यांत फरक एका ‘ड’चा. हिरडा पोट साफ करतो, हिरा खिसा.

आता मुळात आपल्यात लग्न पक्के होते कशाने? साखरपुड्याने. शब्दच नीट बघा. साखर आणि पुडा. जगात कुणी लग्न ठरवताना उंट दिले, कुणी तलवारी दिल्या, आम्ही वाण्याच्या दुकानात जाऊन पुडा बांधून आणला. मुलीच्या हातात साखरेचा पुडा, नारळ, कपाळाला कुंकू, ओटीत साडी-खण, आणि चार वडीलधाऱ्यांच्या साक्षीने तोंड गोड. झाले. या शब्दात अंगठी कुठे बसते ते मी बराच वेळ शोधले, बसत नाही. साखर तोंडात घातली की विरघळून जाते, हे त्या जुन्या माणसांना ठाऊक नव्हते असे नाही. पण कायम टिकण्याची जबाबदारी त्यांनी साखरेवर टाकलीच नव्हती. ती दोन्हीकडच्या माणसांवर होती.

दगडांचे आम्हांला वावडे होते असे मात्र कुणी समजू नये. मढपासून फार लांब नाही असा नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा मोठा लेख आहे, सुमारे २ हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात काय काय दक्षिणा दिली त्याची त्यात यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे. गाईंचे आकडे तर हजारांत. त्या काळी श्रीमंती मोजायची झाली तर ती हंबरणारी असावी लागे. पुढे जुन्नरच्या लेण्यांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. सोनाराने दान दिले आणि ते दगडावर कोरून ठेवावे लागले, यात मला तरी काही नवल वाटत नाही. अशा गोष्टी पुन्हा पुन्हा घडत नाहीत.

या घाटवाटांनी त्या काळी माल खाली बंदरांकडे उतरत असे. ‘पेरिप्लस’ नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत पैठणहून गोमेदासारखे पट्टेदार दगड भडोचला जात असल्याचे लिहिले आहे. म्हणजे आमचे लोक दगड विकत घेत नव्हते, दगड विकत होते. तिकडे रोममध्ये प्लिनी नावाचा विद्वान गृहस्थ हिंदुस्थान दरवर्षी आपले ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो म्हणून कपाळाला हात लावून बसला होता. याच प्लिनीने हिऱ्याबद्दल असे लिहून ठेवले आहे की तो ऐरणीवर घणाने फुटत नाही, बोकडाच्या ताज्या रक्तात भिजवला तरच फुटतो. यातला बोकडाचा भाग सोडून दिला तर उरलेले आमच्याकडचे लोकही मानत आले. खरे तर हिरा ओरखडत नाही एवढेच. घण घातला तर सरळ फुटतो. कुणी घरी प्रयोग करून पाहू नये. ज्यांच्याकडे हिरा आहे ते करणार नाहीत, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांचा बोकड वाचेल.

आमच्या शास्त्रकारांनीही हिऱ्याचा पुष्कळ विचार केला होता. हिऱ्यात चार वर्ण, स्त्री-पुरुष-नपुंसक असे भेद. दगडाचीसुद्धा जात काढल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वज्रपरीक्षेवर एक अध्याय लिहिला आहे. त्यात काही जाणकारांचे मत म्हणून तो सांगतो, की मुलगा व्हावा अशी इच्छा असणाऱ्या स्त्रियांनी हिरा अंगावर घालू नये! आता गंमत बघा. पुत्रप्राप्तीसाठी बाराही ज्योतिर्लिंगे पायाखाली घालणाऱ्या सासवा सुनेच्या बोटात हिरा घालायला निघाल्या, तेव्हा वराहमिहिराची आठवण एकालाही झाली नाही. शास्त्र हे वधूपक्षाला सांगण्यासाठी असते.

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरा मिळे तो मुख्यतः आपल्याच देशातून. गोवळकोंड्याचे नाव सर्वांना ठाऊक. पण आपल्या गडचिरोलीकडच्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद अकबराच्या दरबारी ‘ऐन-इ-अकबरी’त झाली होती. १६५७ साली शिवाजी महाराजांनी जुन्नरच्या पेठेवर छापा घातला, तेव्हाच्या लुटीत ३ लाख होन आणि २०० घोडे असा नेमका आकडा सांगतात. कापड आणि जडजवाहीर मात्र मोघमात. होन सैन्याला पगार देतो, घोडा लढाईला जातो. जवाहीर काय करते? चमकते. मराठी इतिहासातली खरी नामांकित हिरकणी कोणती म्हणाल, तर रायगडाचा कडा उतरून तान्ह्या लेकरापाशी गेली ती गवळण. आख्यायिका म्हणा हवे तर, पण तिचे वजन कॅरटमध्ये करायची आजवर कुणाची छाती झालेली नाही.

तरीही एक हिरा अस्सल आपला म्हणून सांगता येतो. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला. जग त्याला ‘नासक’ म्हणते. नाशिकचे इंग्रजांच्या जिभेवर जे झाले ते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तो कंपनी सरकारच्या हाती लागला. गेला तेव्हा ९० कॅरटच्या आसपास होता. लंडनच्या जवाहिऱ्यांनी त्याला पैलू पाडून ८० वर आणला. १९४० नंतर अमेरिकन जवाहिऱ्याने पुन्हा घासला, तो ४३.३८ कॅरट उरला. १९७० साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ५ लाख डॉलर आले. म्हणजे दोन धन्यांनी मिळून निम्म्याहून अधिक हिरा घासून टाकला. आमच्या गावाकडे भाऊबंदकीत जमिनीचे असेच होते, पण तिला निदान कुणी ‘कायमची’ म्हणत नाही.

हा ‘कायमचा’ शब्द आला कुठून, तिकडे आता वळू. १८६७ साली दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नदीच्या काठी एका पोराला खेळताना चकाकणारा खडा सापडला. चार-पाच वर्षांत किंबर्लीला माणसांनी कुदळी घेऊन एवढा खड्डा खणला की आजही तो पाहायला लोक जातात. जमीन डी बिअर नावाच्या शेतकरी भावांची. त्यांनी ती थोडक्या पौंडांत विकून टाकली आणि १८८८ साली सेसिल ऱ्होड्सने कंपनी काढली, तिला नाव दिले डी बिअर्स. शेतकऱ्याचे नाव पाटीवर आणि पैसा दुसऱ्याच्या पेटीत, हा प्रकार धरणाकाठच्या आमच्या लोकांना मुद्दाम समजावून सांगायला नको.

अडचण एकच झाली. हिरा दुर्मीळ म्हणून महाग, आणि इथे तर तो टोपल्यांनी निघू लागला. कांद्याचे असे झाले की ओतूरच्या बाजारात शेतकरी डोक्याला हात लावतो. पण कांदा सडतो, हिरा सडत नाही. कुलुपात ठेवता येतो. कंपनीने तेच केले. जगातल्या कच्च्या हिऱ्याचा बहुतेक व्यापार विसाव्या शतकात बराच काळ तिच्या मुठीत होता. भाव उतरू लागला की माल रोखायचा, चढला की हळूहळू सोडायचा. सारखी साठवणूक आमच्या एखाद्या अडत्याने केली असती तर त्याच्यावर मोर्चा गेला असता.

पण नुसता माल रोखून भागत नाही, गिऱ्हाईकही उभे करावे लागते. मंदीच्या काळात अमेरिकेत हिऱ्यांना उठाव नव्हता. १९३८ साली कंपनीने एन. डब्ल्यू. आयर ही जाहिरात-संस्था गाठली. तिने सिनेमानट्यांच्या बोटांत हिरे घातले, वर्तमानपत्रांतून कुणी कुणाला केवढा दिला याच्या बातम्या पेरल्या, आणि हिरा नाही तर प्रेम नाही असे हळूहळू लोकांच्या मनात भरवले. १९४७ साली तिथल्या फ्रान्सिस गेरेटी नावाच्या बाईंनी एका रात्री ते जगप्रसिद्ध चार शब्द लिहिले: हिरा हा कायमचा असतो. बाईंनी स्वतः जन्मभर लग्न केले नाही. मला या बाईंबद्दल फार आदर आहे. आचाऱ्याने आपल्या हातचे जेवू नये, हे तत्त्व त्यांनी पाळले.

त्या ‘कायमचा’मध्ये मोठी मेख होती. कायमचा म्हणजे कुणी परत विकायला आणायचा नाही! लोकांच्या पेट्यांत पडून असलेले जुने हिरे बाजारात आले असते तर भावाचे काय झाले असते? म्हणून तो आजीची आठवण, आईची आठवण म्हणून पेटीतच राहिला पाहिजे. पुढे अंगठीवर किती खर्चावे हेही जाहिरातीच सांगू लागल्या: अमेरिकेत दोन महिन्यांचा पगार. जपानमध्ये १९६७ साली मोहीम सुरू झाली, तेव्हा लग्न ठरलेल्या शंभर मुलींपैकी पाचजणींच्या बोटांतही हिरा नव्हता. १९८१ पर्यंत साठजणींच्या बोटांत आला. चौदा वर्षांत रूढी तयार! आमच्याकडे एक रूढी मोडायला महर्षी कर्व्यांना सगळे आयुष्य घालावे लागले.

मग १९९०च्या दशकात दूरचित्रवाणीवरून ‘हीरा है सदा के लिए’ आपल्याही माजघरात आले. २००० साली ‘नक्षत्र’ नावाचे दागिने निघाले, ऐश्वर्या राय ते घालून दिसू लागली, आणि सात खड्यांच्या कुड्या म्हणजे काहीतरी आकाशातून उतरलेले आहे असे बायकांना वाटू लागले. घाट पाहावा तर आजीच्या कुड्यांसारखाच! तिच्या कुड्यांत मोती असत एवढेच. जगातल्या दहा हिऱ्यांपैकी नवांना पैलू पडतात ते सुरतेकडे, जाहिरात होते ती परदेशी कंपनीची, आणि पैसे मोजतो तो ओतूर-मढचा नवरामुलाचा बाप.

हे शेवटचे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या मेहुणीच्या दिराचा मुलगा मढचा. चाकणला कारखान्यात आहे. त्याचे लग्न ठरले आणि ‘आजकाल हिऱ्याचीच घालतात’ असे मित्रांनी सांगितल्यावर त्याच्या वडिलांनी गोठ्यातली संकरित गाय विकायचे मनात धरले. नागनिका राणीने ऐकले असते तर तिने पुन्हा एक यज्ञ केला असता. एका मोठ्या शहरातल्या पेढीवर आम्ही गेलो. बरोबर मुलाची आजी, आणि नवरीमुलगीही. ती शाळेत विज्ञान शिकवते. विक्रेत्या तरुणाने काळ्या मखमलीवर अंगठी ठेवली, वरून दिवा सोडला. आजीने ती हातात घेऊन वजन केले. बायकांच्या तळहातात गुंजांचा तराजू असतो.

“आजी, हिरा कायमचा असतो,” तो म्हणाला.

“आन् मोडायला आनला तर?”

तरुण जरा घुटमळला. “सोन्याची मोड आजच्या भावानं मिळंल. हिऱ्याचं... तेव्हा बघावं लागंल. काही टक्के कापून.”

“म्हंजी सोनं परत घेनार,” आजी म्हणाली, “आन् कायमचा हाय त्यो पुरता घेनार नाय?”

डी बिअर्सच्या सगळ्या इतिहासावर एवढी नेमकी टीका मी तरी दुसरीकडे वाचलेली नाही. आजीचा हिशेब साधा होता. त्यांच्या घरात दागिना म्हणजे हौस तर खरीच, पण त्याआधी तो बी-बियाणे, दवाखाना आणि पोराची फी. अडीनडीला पतसंस्थेत सोने गहाण पडते, तेव्हा तिथला सोनार काट्यावर ठेवून आधी खड्यांचे वजन वजा करतो. त्या काट्यावर प्रेमाचे वजन शून्य.

मग हिरा नाही तर काय? इथे आमचे एक ज्योतिष जाणणारे काका पुढे सरसावले. नीलम सुचवला तर म्हणे लागतो. पोवळे मंगळाचे, माणिक रवीचे, पुष्कराज गुरूचा. मराठी घरात खडा निवडणे म्हणजे आघाडीचे मंत्रिमंडळ बनवणे. प्रत्येक ग्रहाची नाराजी सांभाळावी लागते. मुलीने मात्र ग्रह बाजूला ठेवून काठिण्य काढले. मोह्‌स नावाच्या जर्मन गृहस्थाने १८१२ साली खनिजांना कठीणपणाचे एक ते दहा असे नंबर दिले. हिरा दहा. माणिक आणि नीलम दोघेही नऊ, कारण दोघे एकाच खनिजाचे, आणि ते खनिज म्हणजे सुरीला धार लावायचा आपला कुरुंद! अंगणातल्या धुळीतच सात नंबरचे गारेचे कण असतात, म्हणून सातापेक्षा मऊ खडा रोजच्या वापरात ओरखडून अंधळा होतो. मोती तर फारच मऊ. तो नथीत शोभतो, भांडी घासणाऱ्या हातात नाही. पाचू कठीण असला तरी ठिसूळ, धक्क्याला जपावा लागतो.

“अमेरिकन डायमंड?” कुणीतरी म्हणाले. हा तर इतिहासाचा विनोदच. सोनाराकडे त्या नावाने मिळतो तो खडा मोठ्या प्रमाणावर बनवायची युक्ती १९७०च्या दशकात मॉस्कोच्या शास्त्रज्ञांनी काढली. शीतयुद्धात रशियाने अमेरिकेचा केलेला सर्वांत मोठा सन्मान. मोइसनाइट हा दुसरा. १८९३ साली ॲरिझोनातल्या उल्केच्या खड्ड्यात प्रथम सापडला, आता कारखान्यात होतो, काठिण्य सव्वानऊ. आणि खुद्द हिराही आता कारखान्यात पिकतो. खोटा नव्हे, खराच. फक्त कोट्यवधी वर्षांऐवजी काही आठवड्यांत. जून २०२३ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा असाच हिरा भेट दिला. डी बिअर्सनेही २०१८ साली कारखान्यातल्या हिऱ्यांचे दागिने विकायला काढले आणि २०२५ मध्ये ते दुकान गुंडाळत असल्याचे जाहीर केले. सातच वर्षे. कायमचे काही नसते.

मुलीने शेवटी निवडला तो ॲमेथिस्ट. नाव भारदस्त असले तरी वस्तू म्हणजे जांभळी गारगोटी. काठिण्य सात, उन्हात फार दिवस ठेवला तर रंग थोडा उतरतो, एवढे पथ्य. ग्रीक लोक समजत, हा खडा जवळ असला की दारू चढत नाही. अंगठी मुलीच्या बोटात आणि गुण नवऱ्याला, यापेक्षा आदर्श दागिना आजीला सुचला नसता. अंगठीची बहुतेक सगळी किंमत सोन्यात राहिली, गाय गोठ्यात राहिली.

आता त्या गारगोटीविषयी दोन शब्द. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्यांत पुढे हळूहळू स्फटिक वाढले. हरिश्चंद्रगडाचा कडा त्याच काळ्या पत्थराचा. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हनसाइट मिळवायला जगभरचे संग्राहक धडपडतात. अंगठीत मात्र तो चालणार नाही, फार मऊ. सिन्नरला तर या खनिजांचे एक अख्खे संग्रहालय आहे आणि त्याचे नावच ‘गारगोटी’. आणि आम्ही? आम्ही म्हणतो, हिऱ्यापोटी गारगोटी. नालायक पोराला शिवी म्हणून!

ही म्हण आता एकदा तपासून घ्यायला हरकत नाही. १७७२ साली लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने भिंगाने सूर्याचे ऊन एकवटून हिरा जाळून दाखवला. हिरा म्हणजे शेवटी शुद्ध कोळसा. हवेत पुरेसा तापला की जळून जातो, मागे राखसुद्धा ठेवत नाही. गारगोटी त्या आगीत जळत नाही. उलट चकमकीला तिच्यावर पोलाद मारून आमच्या पणज्यांनी कापसावर ठिणगी पाडली आणि चुली पेटवल्या. तेव्हा कायमचे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. चूल पेटायची असेल तर गारगोटी बरी, आणि तोंड गोड करायचे असेल तर पुडाभर साखर. ती अजून किलोवर मिळते.